कर्ज फिटतं, आपण ते फेडतो

परवा दुपारी एक ज्युनिअर वकील पेनड्राइव्ह घेऊन माझ्या टेबलापाशी आला. "ताई, फक्त नावं आणि गट नंबर बदला, बाकी सगळं तयार आहे. चारच्या आत प्रिंट पाहिजे." फाइल उघडली तर वर मधोमध, ठळक अक्षरांत, खाली रेघ ओढून शीर्षक होतं: 'ॲग्रीमेंट टू सेल'. आणि त्यातल्या सेलचं स्पेलिंग एस-ए-एल-ई.

मी नावं बदलली, गट नंबर बदलला आणि न विचारता तिथे एस-ई-एल-एल केलं. प्रिंट हातात पडल्या पडल्या त्याने तेच पाहिलं.

"हे कशाला बदललंत? सगळे असंच लिहितात की."

सगळे असंच लिहितात हे खरं आहे. मीही लिहिलंय. कराडच्या कोर्टाबाहेर वडाखाली टेबल टाकून बसायला लागल्यापासून किती साठेखतं, म्हणजे असे विकण्याचे करार, या बोटांखालून गेली त्याचा हिशेब नाही, आणि सुरुवातीच्या बऱ्याच साठेखतांच्या डोक्यावर हीच चूक दिमाखात बसलेली असणार. पण 'टू'च्या पुढे क्रियापद येतं. विकण्याचा करार, म्हणून एस-ई-एल-एल. नाम वापरायचं असेल, म्हणजे विक्रीचा करार म्हणायचं असेल, तर एस-ए-एल-ई खुशाल ठेवा, पण मग 'टू' काढून 'फॉर' लावा. 1882 च्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं 54 वं कलम 'कॉन्ट्रॅक्ट फॉर सेल' म्हणतं. 2016 च्या रेरा कायद्याचं 13 वं कलमही 'ॲग्रीमेंट फॉर सेल' म्हणतं. आपण मात्र एकाचं धड आणि दुसऱ्याचं डोकं जोडून तिसराच प्राणी तयार केला आहे.

त्याने ऐकून घेतलं. पोरगा वाईट नाही. मग म्हणाला, "पण ताई, ऐकायला दोन्ही सेमच ना?"

तिथे मला हसू आलं. कारण हाच प्रश्न मी पस्तीसेक वर्षांपूर्वी विचारला होता, शब्द वेगळे होते एवढंच.

ऐकायला दोन्ही सारखे नाहीत. आपल्या कानाला सारखे आहेत. देवनागरीत विक्री लिहायची तरी 'सेल', विकणे लिहायचं तरी 'सेल', बॅटरीतला तोही 'सेल' आणि जहाजाचं शीड तेही 'सेल'. आपल्यापैकी ज्यांनी पाचवीपासून इंग्रजी घेतलं, त्यांनी ते इंग्रजी अक्षरांतून कमी आणि गाइडमधल्या कंसातल्या देवनागरीतून जास्त घेतलं. डोक्यात शब्द देवनागरीत साठवलेला असतो. टाइप करताना त्या एका डब्यातून दोन वेगळ्या वस्तू काढायच्या असतात, आणि डब्यावर चिठ्ठी एकच.

माझी पहिली फजिती सांगते.

मी 1987 साली टाइपिंगच्या क्लासला गेले. ए एस डी एफ, सेमीकोलन एल के जे, पुठ्ठ्याखाली बोटं लपवून. मिनिटाला तीस शब्दांची परीक्षा झाली, चाळीसची झाली, सर्टिफिकेटं आली, आणि एका वयस्कर वकीलसाहेबांच्या ऑफिसात कामाला लागले. मशीन गोदरेजचं, कार्बन घालून चार प्रती. हल्लीच्या मुलांना चार प्रती म्हणजे काय ते कळणार नाही. चूक झाली की ती चार ठिकाणी होते, प्रत्येक कार्बनच्या मागे कागदाचा कपटा सरकवून चार ठिकाणी खोडायची, आणि खालच्या प्रतीवर तरीही डाग राहतोच. त्यामुळे चूक झाली की बोटांनाच नाही, पोटालाही कळायचं.

एका नोटिशीत मी टाइप केलं होतं, 'यू आर हिअरबाय ॲडव्हाइस्ड', आणि त्यात सी घातला होता. साहेबांनी लाल पेन्सिलीने त्या सीभोवती गोल काढला आणि कागद परत पाठवला. मी गेले आत. म्हटलं, "साहेब, ॲडव्हाइसचं स्पेलिंग सीनेच आहे. डिक्शनरी बघितली मी." आणि पुढे तेच, परवाच्या पोरासारखं: "दोन्हीचा उच्चार एकच आहे ना?"

साहेब चिडले नाहीत. म्हणाले, "बाई, मी अशिलाला दिली ती ॲडव्हाइस. ती देण्याची क्रिया ती ॲडव्हाइझ. दिलेली वस्तू आणि देण्याचं काम यांत फरक आहे की नाही? मग तोंडातही फरक असणार. पुन्हा म्हणा." आणि मला चार वेळा म्हणायला लावलं. 'ॲडव्हाइस', शेवटी सापासारखा स. 'ॲडव्हाइझ', शेवटी झाडातल्या झसारखा, मधमाशीचा आवाज. मी बाहेर येऊन पुन्हा चार प्रती टाइप केल्या. सगळा वेळ तोंडाने स आणि झ चालू होतं. शिपाई माझ्याकडे बघत होता.

डिव्हाइस आणि डिव्हाइझचंही असंच. पहिलं यंत्र, दुसरं म्हणजे युक्ती काढणं. स आला की सी, झ आला की एस. हे एकदा कानात बसलं की बोटं चुकत नाहीत. मी तेव्हा या दोन जोड्या पाठ केल्या आणि विषय संपला असं समजले. ही नुसती दोन शब्दांची गंमत नाही, याच्यामागे काहीतरी आहे, हे कळायला मध्ये पंधरा-वीस वर्षं गेली.

ते कळलं माझ्या मुलामुळे. तो सहावी-सातवीत असताना मी संध्याकाळी त्याचं मराठी व्याकरण घेत होते. अघोष आणि घोष वर्ण. प्रत्येक वर्गातली पहिली दोन अक्षरं आणि श, ष, स हे अघोष. उरलेली व्यंजनं घोष. ओळखायचं कसं? गळ्यावर बोटं ठेवून म्हणायचं. 'स्‌‌‌‌‌' लांबवला तर गळा गप्प. 'झ्‌' लांबवला तर बोटांखाली थरथर. मुलगा गळा धरून स-झ, फ-व करत होता आणि मला एकदम साहेबांची लाल पेन्सिल आठवली. स अघोष, झ घोष. ॲडव्हाइस नाम, ॲडव्हाइझ क्रियापद.

दुसऱ्या दिवशी टेबलावर बसले ती हाच नाद घेऊन. काम करता करता जे जे शब्द समोर येतील ते गळ्यावर बोटं ठेवून म्हणून बघायचे. कोर्टाचे कागद म्हणजे या जोड्यांचं आगरच आहे. प्रूफ आणि प्रूव्ह. बिलीफ आणि बिलीव्ह. रिलीफ आणि रिलीव्ह. लॉस आणि लूझ. यूस आणि यूझ, यांचं तर स्पेलिंगही एकच, फक्त घसा बदलतो. हाउस म्हणजे घर, आणि कुणाला घरात ठेवणं म्हणजे हाउझ, पुन्हा स्पेलिंग तेच. ब्रेथ म्हणजे श्वास, थ अघोष. ब्रीद म्हणजे श्वास घेणं, शेवटी द, घोष. वारसाच्या अर्जात 'अमुक तारखेला शेवटचा श्वास घेतला' हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय, आणि किती तरी मसुद्यांत त्या क्रियापदाचा शेवटचा ई गायब असतो. श्वासच अर्धवट राहतो बिचाऱ्याचा.

एक म्हातारे अशील समोरच्या बाकावर बसून माझं हे गळा धरणं बराच वेळ बघत होते. शेवटी उठून आले आणि खिशातली खडीसाखर माझ्या हातावर ठेवली. "पोरी, घसा बसलाय जणू. गरम पाणी पी."

नाम अघोष, क्रियापद घोष. सगळीकडे नाही. 'नोटिस' आणि 'प्रॉमिस' ही नामंही आहेत आणि क्रियापदंही, आणि दोन्ही वेळा शेवटी सच राहतो. पण जिथे जोडी फुटते तिथे ती अशीच फुटते, आणि मला तरी आजपर्यंत उलटी फुटलेली जोडी सापडलेली नाही. एव्हिडन्स ॲक्टच्या जुन्या 101 व्या कलमाचा मथळा 'बर्डन ऑफ प्रूफ' असा होता आणि पोटात 'मस्ट प्रूव्ह' होतं. मथळ्यात वस्तू, पोटात काम. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष कायदा आला आणि तेच कलम 104 झालं, पण प्रूफ आणि प्रूव्ह आपापल्या जागी तसेच आहेत. ज्युनिअरांना मी हे कलम दाखवते. कायद्याचा आकडा सांगितला की त्यांना व्याकरणही खरं वाटतं.

आता यातली सगळ्यात मजेची गोष्ट. ती मला एका निवृत्त प्राध्यापकांनी सांगितली. मराठी शिकवायचे. नातवाच्या नावातल्या चुकीसाठी प्रतिज्ञापत्र करायला आले होते. नोटरी जेवायला गेलेले, म्हणून गप्पा निघाल्या. मी माझा शोध मोठ्या ऐटीत सांगितला, की बघा इंग्रजांनी कशी गंमत करून ठेवलीय.

ते म्हणाले, "इंग्रजांचं राहू द्या. कर्जाचं काय होतं?"

म्हटलं, "फिटतं."

"आणि तुम्ही काय करता?"

"फेडते."

"दोरी?"

"तुटते. आपण तोडतो." मग माझं मलाच सुचत गेलं. माठ फुटतो, आपण फोडतो. गाठ सुटते, आपण सोडतो. मी नकळत गळ्यावर बोटं ठेवली. ट अघोष, ड घोष. आपोआप होतं तेव्हा ट, कुणीतरी करतं तेव्हा ड.

चाळीस वर्षं मराठी बोलत होते आणि हे कधी ऐकलंच नव्हतं.

प्राध्यापक खुशीत आले. त्यांनी माझ्याच रफ कागदावर लिहून दाखवलं. संस्कृतात त्रुट्यति म्हणजे तुटतं आणि त्रोटयति म्हणजे तोडतो. पहिल्यात टला य चिकटलेला. प्राकृतात त्याचा ट्ट झाला, दुहेरी, भक्कम. तो टिकला आणि मराठीत तुटणे आलं. दुसऱ्यात एकटा ट दोन स्वरांच्या मध्ये सापडला. दोन्ही बाजूंना स्वर म्हणजे दोन्ही बाजूंना घसा चालू. मधल्या एका अक्षरापुरता तो कोण बंद करतो? ट मऊ पडून ड झाला आणि तोडणे आलं. स्फुट्यति-स्फोटयतिवरून फुटणे-फोडणेही तसंच. आणि हे क्रियापदांपुरतंच नाही. घोटकचा घोडा झाला, शाटीची साडी झाली, कीटची कीड झाली.

मग वर बोट दाखवून म्हणाले, "आणि वटाचा वड झाला. त्याच्याच सावलीत बसलाय तुम्ही."

इंग्रजीतही नेमकं हेच झालं. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत घराला 'हूस' म्हणत, स शेवटी, पुढे काही नाही, म्हणून तो अघोष राहिला. क्रियापदाला मात्र पुढे शेपूट होतं, 'हूसिअन' असं काहीसं. त्यात स दोन स्वरांच्या मध्ये सापडला आणि झ झाला. पुढे शेपूट झडून गेलं, झ मात्र राहिला. बाथ आणि बेद, म्हणजे आंघोळ आणि आंघोळ करणं, ही जोडीही त्याच घरातली. प्रूफ, ॲडव्हाइस वगैरे मंडळी नंतर फ्रेंचकडून आली आणि त्याच रांगेत उभी राहिली. म्हणजे बिलीव्हच्या शेवटी जो मुका ई आपण वैतागून टाइप करतो, त्या जागी एके काळी खरोखर काहीतरी बोललं जायचं. मला हे कळल्यापासून तो ई टाइप करायचा कंटाळा येत नाही.

नोटरी आले, शिक्का झाला, प्राध्यापक गेले. तो रफ कागद मी अजून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

कानावर सगळंच सोपवून चालत नाही, हेही सांगायला पाहिजे. प्रॅक्टिस आणि लायसन्स या दोन शब्दांनी मला जितकं छळलंय तितकं कुठल्या अशिलाने छळलं नसेल. इथे उच्चार खरोखरच एक आहे, घसा धरून काही उपयोग नाही. ब्रिटिश पद्धतीत नामाला सी आणि क्रियापदाला एस, तो फक्त कागदावरचा भेद, ॲडव्हाइसच्या जोडीकडे बघून ठरवलेला. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये वकिलांचा 'प्रॅक्टिस' करण्याचा हक्क आहे तिथे एस, आणि बार कौन्सिल देते त्या प्रॅक्टिसच्या सर्टिफिकेटात सी. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात ड्रायव्हिंग लायसन्सला सी, पण ते देणाऱ्या लायसन्सिंग ऑथॉरिटीला एस, कारण ती देण्याचं काम करते.

इथवर ठीक. मग घरभाड्याचा कागद येतो. 'लीव्ह अँड लायसन्स', महाराष्ट्रात भाड्याने राहिलेल्या प्रत्येकाच्या तोंडी असलेला शब्द. हे नाम आहे, म्हणजे सी पाहिजे. पण हा लायसन्स ज्या कायद्यातून येतो त्या 1882 च्या ईझमेंट्स ॲक्टच्या 52 व्या कलमात या नामाला चक्क एस आहे. व्याख्याच तशी छापलेली. मी एकदा ती सी करून दिली तर वकिलांनी कायद्याचं पुस्तक आणून टेबलावर उघडं ठेवलं. तेव्हापासून भाड्याच्या कागदात एस आणि गाडीच्या कागदात सी, असं मी चालवते. व्याकरणाने विचारलं तर उत्तर नाही माझ्याकडे. कायद्याने विचारलं तर आहे.

अमेरिकेत तर याहून गंमत. त्यांनी नाम-क्रियापदाचा भेदच काढून टाकला, ठीक आहे, पण प्रॅक्टिसला दोन्हीकडे सी ठेवला आणि लायसन्सला दोन्हीकडे एस! एका घरात थोरल्याचं ऐकलं, दुसऱ्यात धाकट्याचं. आणि आपल्या कॉम्प्युटरची भाषा बहुतेक वेळा अमेरिकी इंग्रजीवर लावलेली असते, त्यामुळे गाडीच्या लायसन्सचं बरोबर स्पेलिंग टाइप केलं की खाली लाल रेघ. नवी मुलं रेघेला घाबरून बदलतात. माझा त्यांना पहिला सल्ला हाच, आधी सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी भारताचं किंवा ब्रिटनचं करून घ्या.

लक्षात ठेवायला एक युक्ती मी वापरते. एबीसीडीत सी आधी आणि एस नंतर. नामाचा एन आधी आणि क्रियापदाच्या व्हर्बचा व्ही नंतर. आधीचं आधीच्याला, नंतरचं नंतरच्याला. प्रूफ-प्रूव्हलाही चालते, एफ आधी, व्ही नंतर. अफेक्ट आणि इफेक्टला मात्र ही युक्ती लावू नका, तिथे सगळं उलट होऊन बसतं. अफेक्ट क्रियापद, इफेक्ट नाम.

आणि इफेक्ट कधीकधी क्रियापद म्हणूनही येतो, तेव्हा त्याचा अर्थ घडवून आणणे. कोर्टात तो फार चालतो. समन्सची बजावणी झाली की 'सर्व्हिस इफेक्टेड'. वसुलीच्या एका कागदात 'इफेक्ट रिकव्हरी' पाहिजे होतं, म्हणजे वसुली करणे, आणि मी ए टाइप केला. अर्थ झाला वसुलीवर परिणाम करणे, जणू काही आमचेच पक्षकार वसुलीत खोडा घालणार. मराठीत दोन्हीला 'परिणाम' हा एकच शब्द हाताशी येतो. म्हणून इथे मराठीत विचार करून उपयोग नाही. 'परिणाम' ऐवजी मनात 'बाधा' आणि 'घडवणं' असे दोन शब्द ठेवले की जमतं.

लूझ आणि लूस, म्हणजे गमावणं आणि सैल, यावर खूप लिहून झालंय सगळ्यांचं. एवढंच सांगते की ताबा जाण्याची भीती असेल तर एकच ओ. दोन ओ टाकलेत तर ताबा फक्त सैल होतो.

पोलिसांकडे द्यायच्या अर्जात एक चूक हमखास असते. 'आय वाँट टू कम्प्लेंट.' शेवटचा टी नामाचा आहे, तक्रार ही वस्तू. करायची क्रिया कम्प्लेन, टी नाही. रिस्ट्रेंट-रिस्ट्रेन तसंच. रिस्पॉन्स आणि रिस्पॉन्डचंही लोक असंच करतात, 'ही डिड नॉट रिस्पॉन्स'. डिफेन्स-डिफेंड, ऑफेन्स-ऑफेंड एकापुढे एक म्हणून बघा, क्रियापदाला ड येतो. तोही घोषच, पण तो निराळ्या वाटेने आलाय, तिकडे आज जात नाही. रिसीटमधला तो न बोलणारा पी मात्र निव्वळ हौसेचा आहे, रिसीव्हमध्ये तो नाहीच. लॅटिनच्या प्रेमापोटी कुणीतरी तो रिसीटमध्ये परत घातला, आणि तिच्याच सख्ख्या बहिणीला, डिसीटला, म्हणजे फसवणुकीला, घालायचा विसरले. फसवणूक स्वच्छ लिहिली जाते आणि पावतीत खोट, हे मला फार आवडतं.

दोन्ही क्रियापदंच, पण ही चूक सांगितल्याशिवाय राहवत नाही. दाव्याच्या शेवटी विनंतीचं कलम असतं, 'द प्लेंटिफ प्रेज', म्हणजे वादी प्रार्थना करतो. त्यात ए पाहिजे. मी एकदा ई टाकला. ई टाकला की वादी शिकार करतो. साहेबांनी ते दाखल करण्यापूर्वी वाचलं म्हणून वाचले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "बाई, खरं तेच टाइप केलंत, पण कोर्टाला असं सांगायचं नसतं."

आज स्पेलचेक आहे, पण या सगळ्या चुकांत त्याचा उपयोग जवळजवळ शून्य, कारण दोन्ही शब्द बरोबरच असतात. गोदरेजने टाइपरायटर बंद केल्याची बातमी 2011 साली आली त्याच्या आधीच मी लॅपटॉपवर आले होते, पण खरं सांगायचं तर चार कार्बनांची भीती माझ्या कामाची होती. आता चूक सुधारायला एक सेकंद लागतो, म्हणून ती कुणी शोधतच नाही.

आमच्या टेबलांसमोर कागद, फाइली, हिरवे लेजर पेपर, तिकिटं, डिंक विकणारं एक दुकान आहे. त्याच्या पाटीवर स्टेशनरीच्या शेवटी ए-आर-वाय लिहिलंय. म्हणजे 'स्थिर'. पाहिजे ई-आर-वाय. ज्युनिअर पोरांना मी सांगते, एन्व्हलपचा ई म्हणजे कागदवाली स्टेशनरी. परवाच्या त्या पोराने आपला करार घेऊन जाता जाता ती पाटी बघितली आणि म्हणाला, "ताई, मग याला का नाही सांगत?"

का नाही सांगत, तर मध्ययुगात लॅटिनमध्ये 'स्टेशनॅरिअस' म्हणजे फेरीवाला नव्हे तो, एका जागी ठाण मांडून बसलेला विक्रेता. विद्यापीठांजवळ पुस्तकं आणि कागद विकणारे असे ठिय्या मारून बसत, त्यावरून इंग्रजीत स्टेशनर आला आणि त्याच्या मालाला स्टेशनरी म्हणू लागले. स्थिर तो आणि कागदवाला तो, मुळात एकच माणूस. दुकानदार वीस वर्षं तिथून हललेला नाही. मीही नाही.

त्याला काही सांगितलेलं नाही. रीम त्याच्याकडूनच घेते.